बोहनीचा केरू

केरू विधाते दारुडा आहे, असं त्याच्या बायकोचं ठाम मत होतं, आणि ते साफ चुकीचं होतं. केरूला दारूची नव्हे, बारची आवड होती. बाटली एकच. तीही बीअरची. ती पुढ्यात ठेवून हा गृहस्थ इतका वेळ इकडेतिकडे बघत बसायचा, की फेस बसून जायचा, बीअर कोमट व्हायची, आणि वेटर येऊन विचारायचा, ‘साहेब, काही चुकलं का?’ चुकायचं काय? केरू सुखात असायचा.

त्यातही बार नवा हवा. खुर्च्यांवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही, सनमायकाचा वास येतोय, काचेच्या पेटीतले मासे भांबावून एका कोपऱ्यात गोळा झालेत, मेनूकार्डावर रश्शाचा एकही डाग नाही, असं काही दिसलं की केरूचा चेहरा खुलायचा. मखमलाबादच्या मळ्यात गुलाबाच्या काट्यांत हात फाडून घेत वाढलेला हा मुलगा. मळा मोठा भाऊ बुधा बघायचा, आणि केरू सातपूरच्या एका कंपनीत लेथवर उभा असायचा. आठवडाभर तेच मशीन, तोच जॉब, तोच सुपरवायझर. मग सुट्टीच्या दिवशी तरी माणसाला काहीतरी कोरं बघावंसं वाटणारच की.

सातपूरची सुट्टी शनिवारी. त्या दिवशी केरू स्कूटर पुसायचा, आणि मागं लखन बसायचा. लखन गावित पेठकडच्या डोंगरातला. त्याच्या घरात पगाराची नोकरी करणारा तो पहिलाच. केरूच्या शेजारच्या लेथवर तो लागला तेव्हा कॅन्टीनमध्ये कुणाशी बोलायचासुद्धा नाही. केरूनं त्याला डब्याला बोलावलं, मग शनिवारी स्कूटरवर बसवलं, आणि पुढं बारा-पंधरा वर्षं ती मागची सीट लखनचीच राहिली.

नव्वदनंतर नाशिक असं काही सुटलं होतं की विचारू नका. आज जिथं कोबी, तिथं सहा महिन्यांत ‘परमिट रूम, फॅमिलीसाठी स्वतंत्र व्यवस्था’ अशी पाटी. त्र्यंबक रोड, गंगापूर रोड, मुंबई नाका, द्वारका. पेपरात कोपऱ्यातली जाहिरात दिसली की केरू ती फाडून खिशात ठेवायचा. मागल्या शनिवारचा बार या शनिवारी त्याच्या लेखी जुना झालेला असे. पुढं एका ठिकाणी नळाची बीअर आली. तोटी फिरवली की ग्लासात पिवळी धार. लखन म्हणाला, “नळाला आलीय म्हंजी पाणी घातलेलंच असणार!” आणि गंगापूर धरणाच्या अंगाला वाइनची चव घ्यायला गेले, तर तिथल्या पोरीनं मोठ्या ग्लासाच्या तळाशी इतकीशी वाइन ओतली, की लखननं ती तळहातावर घेऊन तीर्थासारखी प्यायची तयारी केली. केरूनं त्याचा हात धरला म्हणून अब्रू राहिली.

“इतकी देवळं पालथी घातली असती ना तुम्ही,” त्याची बायको मंगलाबाई म्हणायची, “तर देव दार उघडायला सोता उठून आला असता.” केरू हसायचा. वर्षातून एकदा, नवरात्रात, तो अनवाणी वणीच्या गडावर चालत जायचा, आणि ते नऊ दिवस बाटलीकडं बघायचासुद्धा नाही. तेवढं सोडलं तर मंगलाबाईला त्याच्याकडून भक्ती म्हणून काही मिळालं नाही.

आता बोहनीचं सांगतो. द्वारकेजवळ एका शेट्टीअण्णांनी बार काढला, तेव्हा हे दोघं इतक्या लवकर पोचले, की आत अजून पूजाच चालली होती. अण्णा गल्ल्यावर उदबत्ती ओवाळत होते. केरू दाराबाहेर चप्पल काढून हात जोडून उभा राहिला. बारच्या दाराशी चप्पल काढणारं गिऱ्हाईक अण्णांनी पाहिलं नव्हतं. त्यांनी हाताला धरून त्याला आत नेलं, आणि पहिली बाटली त्याच्यापुढं ठेवली. केरूनं दिलेली नोट त्यांनी कपाळाला लावली आणि लक्ष्मीच्या तसबिरीपुढं ठेवली. बोहनी उधारीवर चालत नाही आणि फुकट तर मुळीच नाही, पैसे गिऱ्हाइकाच्याच हातून यावे लागतात.

तो बार धो धो चालला. मग अण्णांच्या साडूनं मुंबई नाक्यावर काढला, त्यानं केरूला मुद्दाम बोलावणं धाडलं. तोही चालला. तिसरा चालला, चौथा चालला, आणि बारवाल्यांमध्ये बोलबाला झाला, की बोहनी करावी तर सातपूरच्या केरूशेठनं. कंपनीत त्याला कुणी ‘ए विधाते’ म्हणायचं. बारमध्ये तो शेठ. टॉवेल, टोपी, नारळ. परत येताना स्कूटरच्या हँडलला नारळाची पिशवी डुलायची, आणि केरूची छाती बुशशर्टात मावायची नाही. लखन मागून ओरडायचा, “केरूशेठ, जरा हळू चालवा, आपल्या वजनानं गाडी दबली!”

पण केरूनं एक गोष्ट कुणालाच सांगितली नव्हती, लखनलाही नाही. त्याच्या हातात काही नव्हतं. बोलावणं आलं की तो आधी गुपचूप एकटा जाऊन जागा बघून यायचा. शिफ्ट सुटल्यावर माणसं तिथून जातात का, स्कूटर अशी लावता येते का की रस्त्यानं जाणाऱ्या सासऱ्याला नंबर दिसणार नाही, मालक गिऱ्हाइकाशी माणसासारखा बोलतो का. इतके बार पाहिल्यावर एवढं कुणालाही कळेल. जो चालणार असं दिसे, त्याला तो हो म्हणायचा. जो बुडणार असं वाटे, त्याला सांगायचा, “त्या दिवशी माझा उपास हाय.” असे किती उपास त्यानं केले, ते त्याचं त्याला माहीत. फसवणूक म्हणा हवं तर. मी म्हणणार नाही. कधी नव्हे तो मान मिळत होता, आणि तो घालवायला हिंमत लागते, एवढंच मी म्हणेन.

मग कंपनीत मंदी आली आणि स्वेच्छानिवृत्तीची टूम निघाली. केरू राहिला, लखन बाहेर पडला. हातात एकरकमी पैसा आला, आयुष्यात पहिल्यांदा आणि बहुधा शेवटचाच. नातेवाईक म्हणाले, रिक्षा घे. मोहिनी, त्याची बायको, म्हणाली, मेस काढू, शिकाऊ पोरं जेवायला येतील. लखन म्हणाला, “बार काढणार.” इतकी वर्षं दुसऱ्यांचे बार बघितले, आता आपला. पेठच्या डोंगरातल्या गावित घराण्याचं नाव सातपुरात पाटीवर लागणार. आणि बोहनी घरचीच! बोहनीचा बादशहा स्कूटरवर पुढं बसत असताना आपल्याला कसली भीती, हे तो ज्याला त्याला सांगत सुटला.

केरूला त्यानं जागा दाखवली ती सगळं ठरल्यावर. डिपॉझिट गेलेलं, लायसनची फी गेलेली, टेबलं बनायला टाकलेली. “तुला गंमत दाखवतो,” म्हणून लखननं त्याला नेलं.

जागा पहिल्या मजल्यावर होती. बाहेरून उघडा लोखंडी जिना. आणि जिन्याच्या बरोबर समोर बसथांबा. कॉलनीतल्या सगळ्या बायका भाजीला, बँकेत, माहेरी जायला तिथं उभ्या राहायच्या, आणि जिना चढणारा माणूस पहिल्या पायरीपासून दारापर्यंत त्यांना साग्रसंगीत दिसायचा. सातपूरचा कुठला नवरा त्या जिन्यानं वर जाणार होता? केरू पायथ्याशीच थबकला. 

वर लखन रिकाम्या खोलीत मधोमध उभा होता. हात पसरून म्हणाला, “कसंय?”

केरूनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. इतका आनंदी लखन त्यानं पाहिला नव्हता.

“झकास,” केरू म्हणाला.

उद्घाटन दसऱ्याला ठरलं. दसऱ्याला मुहूर्त बघावा लागत नाही. त्या दिवशी काहीही सुरू करा, शुभच. आणि मुहूर्त बघायचा नाही, म्हणून कॅलेंडर कुणी उघडलंच नाही. पत्रिकेवर नुसतं ‘विजयादशमीच्या शुभमुहूर्तावर’ असं छापलं. ते वर्ष होतं २००६, आणि त्या वर्षी दसरा आला होता बरोबर दोन ऑक्टोबरला.

गांधी जयंती. ड्राय डे! वर्षातले सगळे ड्राय डे या दोघांना तोंडपाठ. आदल्या दिवशी गर्दी कुठं कमी असते तेसुद्धा माहीत. पण लखनची नोकरी सुटल्यामुळं त्याला सुट्ट्यांशी देणंघेणं उरलं नव्हतं. आणि केरूनं कंपनीत दोन सुट्ट्या एकात गेल्या म्हणून इतरांबरोबर कुरकुरसुद्धा केली होती. तरी त्याच्या डोक्यात उजेड पडला नाही, कारण त्या डोक्यात फक्त तो जिना होता. गडावर जाऊन आला, तर देवीपुढंही त्यानं मागितलं ते लखनसाठीच.

दसऱ्याच्या सकाळी केरूनं मळ्यातून झेंडूची पोती आणली आणि जिन्याच्या कठड्याला खालपासून वरपर्यंत माळा बांधल्या. मोहिनीनं पहाटेपासून चुलीपुढं बसून शेवभाजी, मटण आणि नागलीच्या भाकरी केल्या होत्या. कंपनीतली मंडळी जमली. पूजा झाली. लखन नवीन सफारीत, घामानं डबडबलेला, हसरा. त्यानं पहिली बाटली ट्रेमध्ये ठेवली, हळदकुंकू वाहिलं, आणि म्हणाला, “या, केरूशेठ.”

तेवढ्यात शेट्टीअण्णा जिना चढून आले. दम खात त्यांनी ट्रेकडं बघितलं, आणि त्यांचे डोळे विस्फारले. “अरे, ये क्या करता है? आज ड्राय डे आहे बाबा! एक बाटली फुटली तर लायसन जाएगा!”

 मग कळलं, की निम्म्या पाहुण्यांना हे ठाऊक होतं. लखननं वरती काहीतरी सेटिंग केली असेल, असं प्रत्येकानं आपापल्या मनाशी धरलं होतं. विचारलं कुणीच नव्हतं. पाहुणे एकमेकांकडं बघत भाकरी घेऊन गॅलरीत सरकले. आत राहिले लखन, मोहिनी आणि केरू.

लखननं दार लोटलं. “एकच,” तो म्हणाला. “मुहूर्ताची. दार लावून. कुणाला कळनार बी नाय. केरू, बस.”

“नाय, लखन.”

“अरे एक घोट घे. बाकी मी ओतून देतो.”

“तुझं लायसन जाईल. खाली पोलिसाची गाडी फिरतीय.”

“लायसन गेलं तर गेलं!” लखनचा आवाज चढला. “पण बोहनी चुकली तर काय राहिलं? सगळ्या गावाची केलीस तू. शेट्टीची केलीस, त्याच्या साडूची केलीस. माझी येळ आली तवा तुला कायदा आठवला?”

मोहिनी म्हणाली, “अहो, भावजी बरोबर बोलत्यात.” पण लखनचं तिच्याकडं लक्षच नव्हतं. त्याचे डोळे भरून आले होते. ते बघून केरूला राहवेना. तो खुर्चीवर बसला आणि त्यानं इतक्या वर्षांचं सगळं ओकून टाकलं. “लखन, माझ्या हातात काय नाय रे. देवाशपथ नाय. मी आधी जाऊन बघून यायचो. चालंल असं वाटलं तरच हो म्हणायचो. बाकीच्यांना उपास सांगायचो. तू माझ्या हाताच्या भरवशावर नको राहू.”

 बाहेर गॅलरीत कुणीतरी वाढायला रस्सा मागत होतं.

“मग माझी जागा बघितलीस तवा?” लखननं हळूच विचारलं. “तवा काय वाटलं?”

इथं केरूला खोटं बोलता आलं असतं. मोहिनीसुद्धा डोळ्यांनी तेच विनवत होती. पण ‘झकास’ हे एकदा म्हणून झालं होतं, आणि ते दुसऱ्यांदा त्याच्या तोंडून निघेना.

“उपास सांगितला असता,” केरू म्हणाला.

लखननं ट्रे उचलला, बाटली परत फ्रिजमध्ये ठेवली, आणि गॅलरीत जाऊन पाहुण्यांना आग्रह करायला लागला. त्या दिवशी तो केरूशी पुन्हा बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी बार सुरू झाला. बोहनी वॉर्डातल्या एका पुढाऱ्याच्या हातून झाली, आणि केरूला बोलावणं आलं नाही. येणार तरी कसं? तो घरी बसून राहिला. मंगलाबाईनं त्याला दोनदा चहा दिला आणि एकदाही टोमणा मारला नाही, यावरून काय ते समजा.

शनिवारी त्यानं स्कूटर पुसली. मागची सीट मोकळी. गाडी काढली आणि सरळ लखनच्या जिन्यापाशी आणून लावली. थांब्यावर बायका उभ्या होत्या, त्यात त्याची चुलत वहिनी धोंडाबाईसुद्धा होती. केरूनं तिला नमस्कार केला आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वर चढला.

आत दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. लखन गल्ल्यावर बसला होता. त्यानं मान वर केली नाही, वेटरला पाठवलं. केरूनं एक बाटली घेतली, पैसे दिले, बसला, गेला. पुढच्या शनिवारी पुन्हा. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा. ज्या माणसाला आठ दिवसांत बार शिळा वाटायचा, तो त्याच एका टेबलावर, त्याच भिंतीकडं बघत, शनिवारमागून शनिवार बसायला लागला. शहरात नवीन काय काय निघत होतं. बोलावणी येत होती. एकानं तर न्यायला मोटार पाठवली. केरूनं सांगितलं, शनिवारी जमत नाही. मंगलाबाईनं विचारलं, तो बोलत नाही तर जाता कशाला? केरू म्हणाला, “गिऱ्हाईक म्हणून जातो.” ते काही खरं नव्हतं. त्याला लखनवाचून करमत नव्हतं, आणि पाठ फिरवून बसलेला लखनसुद्धा अजिबात नसण्यापेक्षा बरा होता.

कधी चार माणसं आली, कधी दोन. सिडकोतून, जिथं त्यांना कुणी ओळखत नाही अशी. उन्हाळा गेला, दिवाळी गेली. वेटर सोडून गेला, तेव्हा लखनच बाटली आणून ठेवायला लागला. तोंडानं एक शब्द नाही. पण ती आता नीट थंड असायची, आणि शेजारी मोहिनीच्या हातची शेव-कांद्याची बशी असायची, न मागवलेली.

पुढच्या मार्चमधला एक शनिवार. भर दुपारी केरू वर आला, तर टेबलं भिंतीशी रचलेली. ती न्यायला टेम्पो संध्याकाळी येणार होता. जागा सोडली होती. मोहिनीनं मेसचे डबे घरून सुरू केले होते, आणि लखनला अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये पुन्हा लेथ मिळाला होता. हे केरूला मोहिनीकडून मंगलाबाईमार्फत आधीच कळलं होतं. तरी तो आला होता.

एकच टेबल मांडलेलं होतं. त्याचं. लखननं फ्रिज उघडला. आत एकच बाटली होती. ती त्यानं आणली, दोन ग्लास आणले, आणि दीड वर्षात पहिल्यांदा समोरची खुर्ची ओढून बसला.

“पहिली नाय घेतलीस,” लखन म्हणाला. “शेवटची तरी घे.”

त्यानं दोन्ही ग्लास भरले. केरूचा हात नेहमीच्या सवयीनं खिशात गेला आणि नोट बाहेर आली. लखननं ती त्याच्या मुठीत परत दाबली आणि मूठ तशीच धरून ठेवली.

“ठेव. ही काय बोहनी नाय.”

 केरूच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यानं पुसलंही नाही. लखननं दुसऱ्या हातानं ग्लास उचलला आणि एका दमात अर्धा केला.

“तुझं ‘झकास’ लय लागलं मला,” तो म्हणाला. “जिन्यापायी बार बुडाला, त्याचं नाय लागलं.”

केरूनं मान हलवली. मग दोघांनी बीअर संपवली, ती कोमट व्हायच्या आत. टेम्पो यायला वेळ होता, म्हणून टेबल उचलून बाकीच्या टेबलांवर ठेवलं. खाली आल्यावर केरूनं स्कूटर सुरू केली, आणि थांबून राहिला.

लखन मागं बसला.